सोडलेली टाळी

नारळाच्या झाडांचं चित्र बघून हरखून जावं असं आम्हाला काही नव्हतं. बंगळूरला बसवनगुडीतल्या आमच्या भाड्याच्या घरामागे दोन माड होते. त्यांच्या झावळ्या पडून कौलं फुटली, की घरमालकीण अंगणात उभी राहून त्या माडांनाच कानडीत शिव्या घालायची. त्यामुळे अप्पांच्या कारखान्यातले एक साहेब परदेशातल्या प्रशिक्षणाहून परतले आणि त्यांनी अप्पांना गाण्यांची एक मोठी तबकडी भेट दिली, तेव्हा तिच्या कव्हरावरचे माड बघून आई म्हणाली, "इतक्या लांबून हे आणलं? परसात काय कमी होतं?"

कव्हरावर निळं पाणी होतं, पांढरी वाळू होती आणि गवती टोपी घातलेला एक हसरा माणूस होता. वेस्ट इंडीजच्या बेटांवरचा हा गायक तेव्हा जगभर गाजत होता म्हणे. गाणी स्वतःच रचायचा, स्वतःच गायचा. सगळी तबकडी समुद्राची, माडांची, केळीच्या बागांची. मला त्या चित्रातली एकच गोष्ट खटकली. खालच्या कडेतून एक सावली वाळूवर आत आली होती, नुसतं डोकं आणि खांदे, आणि ती टोपीवाल्याच्या पायापर्यंत पोचली होती. अप्पा म्हणाले, फोटो काढणाऱ्याची असणार. अप्पा इंजिनियर होते, त्यांच्यापाशी प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असे. मला ते पटलंही. तरी मी ते कव्हर नेहमी पालथंच ठेवायची.

काकू मात्र ते हातात घेऊन कितीतरी वेळ बसली होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "हेच का ते बेट?"

अप्पा म्हणाले, "तिथे बेटं काय थोडी आहेत?"

काका म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ. जहाजावर वायरलेसच्या कामाला होता. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच त्याचं जहाज तिकडच्या एका बेटाला लागलं, तो संध्याकाळचा पाय मोकळे करायला उतरला आणि परत चढलाच नाही. कंपनीने शोध घेतला, पोलिसांनी घेतला. त्याची ट्रंक तेवढी घरी आली. काकू आमच्याकडे राहायला आली ती तेव्हाच, आणि मला कळायला लागल्यापासून मी तिला एकाच रूपात बघत होते. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, केसांत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा. घरात सगळ्यात नटलेली तीच. हळदीकुंकवाचं बोलावणं करायला येणाऱ्या बायका आईशी बोलायच्या आणि काकूकडे बघून जरा घुटमळायच्या. काकू मुद्दाम पुढे होऊन म्हणायची, "मी पण येते हं."

आमच्यात बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला रीतसर अग्नी देतात. तिथपासून तो माणूस मेला. त्याचं श्राद्धपक्ष सुरू होतं आणि बायको कुंकू पुसते, बांगड्या फोडते. ती बारा वर्षं त्या साली भरत होती. बेळगावच्या आत्याने, म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहिणीने, भटजींना विचारून दिवससुद्धा काढला होता. आत्या स्वतः लहान वयात विधवा झालेली. तिचं म्हणणं, भाऊ तिकडे अधांतरी लोंबकळतोय, त्याला पाणी मिळायला नको का? अप्पा मान हलवायचे. काकू म्हणायची, "ते नाहीत असं कोणीतरी मला दाखवा, मी आत्ता पुसते. पानं जाळून माणूस मरतो होय?"

 दिवस मात्र जवळ येत होता.

आता ग्रामोफोनचं सांगायला हवं. आमच्याकडे होता तो जुना, किल्ली देऊन चालणारा. त्यावर ही नवी तबकडी लावणं म्हणजे पोळपाटावर बैलगाडीचं चाक ठेवण्यापैकी. ती मोठी तर होतीच, शिवाय तिला निम्म्याहून कमी वेगाने फिरवावं लागायचं. दुसऱ्या कोणी हे ओळखून तबकडी भिंतीला टांगली असती. अप्पांनी एका रविवारी ग्रामोफोन उघडला. आतल्या वेग सांभाळणाऱ्या गोळ्यांना शिशाचे तुकडे बांधून त्याचा वेग उतरवला. पिनेचा भार जास्त पडू नये म्हणून तिच्या दांड्याला दोरा बांधून तो वरच्या खुंटीवरून घेतला, आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आईच्या तराजूतलं छटाकाचं वजन लटकवलं. आई म्हणाली, "छान. आता डाळ काय अंदाजाने मोजू?" अप्पांनी ऐकलं नाही. विमानाचे भाग जुळवणाऱ्या माणसाला ग्रामोफोन म्हणजे काय! फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. आमची पोलादी पिन जाड होती आणि त्या तबकडीचे चरे केसासारखे बारीक. प्रत्येक वेळी लावलं की पिन थोडंथोडं गाणं खरवडून काढणार होती.

दुपारी जेवणं झाल्यावर अप्पांनी किल्ली दिली. प्रथम नुसती खरखर. मग समुद्र. म्हणजे लाटांचा आवाज असावा, पण गोळ्यांचा तोल पुरता जमला नव्हता, त्यामुळे लाट येताना लवकर यायची आणि जाताना जायचीच नाही. त्यातून टोपीवाल्याचा आवाज निघाला. हसऱ्या माणसाचा तो आवाज नव्हताच. विहिरीत तोंड घालून कोणी बोलावं तसा, जड, लांबत जाणारा. कुंपणापलीकडून घरमालकिणीने हाक मारली, "यारु अळ्ता इरोदु, अम्मा?" कोण रडतंय, असं ती विचारत होती. आईने ओरडून सांगितलं, कोणी नाही, गाणं आहे. "गाणं?" असं म्हणून तिने आपलं दार लावून घेतलं.

दुसरं गाणं लागलं. त्यात मागे पुष्कळ माणसं होती, हसत होती, ओरडत होती, टाळ्या देत होती. साथीला बेटांवरची माणसं गोळा करून बसवली होती, असं कव्हराच्या मागे छापलेलं मी वाचलं होतं. काकू पाटावर बसून तांदूळ निवडत होती. एकदम तिचा हात सुपात थांबला.

काकाची एक सवय आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती, त्याला न पाहिलेल्या मलासुद्धा. घरात भजन असलं की तो हाताने ताल धरायचा. पहिली टाळी, दुसरी टाळी, मग खाली. खालीला टाळी द्यायची नसते, हात नुसता उलटा करायचा असतो. काका तिथे गप्प बसत नसे. लग्नात सासऱ्यांनी घातलेली अंगठी तो खुर्चीच्या हातावर वाजवायचा. टक. आणि त्यानंतरची शेवटची टाळी तो सोडून द्यायचा. ती काकूने द्यायची. स्वयंपाकघरातून, पीठ भरलेल्या हाताने, असेल तिथून. नवीन लग्न झालेल्यांचे चाळे, दुसरं काय. आत्या त्यावरून नाक मुरडायची म्हणे.

तबकडीतल्या त्या घोळक्यात, सगळ्यांच्या मागे, कोणीतरी वेगळाच ताल धरून होतं. टाळी. टाळी. टक. आणि मग काहीच नाही. एक जागा मोकळी, आणि पुन्हा टाळी. टाळी. टक.

काकूने सूप खाली ठेवलं. पुढच्या मोकळ्या जागी तिने टाळी दिली. ती अगदी नेमकी बसली.

 आईने माझा दंड धरला होता, तो तिने किती घट्ट धरलाय हे तिलाही कळत नव्हतं. अप्पांनी दांडा उचलला. म्हणाले, "लाकडाचं काहीतरी वाद्य असेल. तिकडे असतात तसली."

काकू म्हणाली, "लावा परत."

त्यानंतर ती दर दुपारी लावायला लागली. अप्पा कारखान्यात गेले की किल्ली तीच द्यायची. पोलादी पिनेने गाणं झिजतंय हे तिला अप्पांच्या आधी कळलं. परसातल्या लिंबाचे काटे तोडून, वाळवून, टोक घासून ती पिनेच्या जागी बसवू लागली. काट्याने आवाज आणखीच दबायचा, भिंतीपलीकडून आल्यासारखा. त्या दिवसांत काकू इतकी आनंदात होती की तिच्याकडे बघवत नसे. काकाला आवडायची म्हणून गव्हाची खीर करायची. गजरा माळून, तोंड धुऊन, पदर नीट करून ग्रामोफोनपुढे बसायची, जसं काही कोणी भेटायला येणार आहे. मोकळी जागा आली की टाळी. मी शाळेतून येऊन दारातच उभी राहायची. मला काकू फार आवडायची. मला तिची तेव्हा भीती वाटायची हे मी आज सरळ सांगते.

तबकडी व्हायची तशी झिजत गेली. काळी होती ती करडी दिसायला लागली. टोपीवाल्याचा आवाज आधी बोबडा झाला, मग पुसट, मग नुसती हवा उरली. समुद्र गेला. हसणारी माणसं गेली. टाळ्या आणि ती टक मात्र राहिली. उलट आजूबाजूचं सगळं निघून गेल्यामुळे ती आता खोलीतच वाजतेय असं वाटायचं. अप्पांनी समजावून सांगितलं की बारीक स्वर आधी झिजतात, ठोके खोल असतात, ते टिकतात. काकूने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे गाणारा गेला. साथीला बसलेला राहिला."

एका दुपारी मधेच किल्ली संपली. तबकडी हळू होत होत थांबली. मी माझ्या डोळ्यांनी बघत होते, ती थांबलेली होती. त्यानंतर टक असा आवाज आला. लाकडी पेटीचा आला असेल, आतल्या स्प्रिंगचा असेल. काकूने मोकळी जागा जाऊ दिली नाही. टाळी दिली, आणि मग माझ्याकडे वळून हसली. मी घरमालकिणीकडे पळाले आणि आई हाक मारेपर्यंत तिच्या गाईपाशी बसून राहिले.

आत्या यायच्या आदल्या आठवड्यात काकूने मला जवळ बोलावलं. मी इंग्रजी शाळेत जायची. ती म्हणाली, "आता शब्द कळत नाहीत, पण तू सुरुवातीला ऐकलं होतंस ना? काय म्हणत होता गं तो त्या गाण्यात?"

मला सगळं कुठलं कळायला. पण थोडं कळलं होतं, आणि ते मी खूश होऊन सांगितलं. समुद्र आहे, चांदणं आहे, मासळी आहे, सगळे नाचतायत. इथे एवढं सुख आहे, आता घरी कोण जातंय, असं तो म्हणतो.

"आणि मागचे लोक?"

"ते पण तेच म्हणतात, काकू. सगळे मिळून."

 काकूने माझे केस सोडून नव्याने वेणी घालायला घेतली. घट्ट घातली, दुखली मला. मग स्वतःशीच म्हणाली, "मनापासून धरलाय हो ताल." त्या दिवशी तिने ग्रामोफोन लावला नाही. मला वाटलं, काटे संपले असतील.

आत्या यशवंतपूर स्टेशनवर गाडीतून उतरली तीच भटजी, पळसाची पानं आणि दर्भ यांची चौकशी करत. घरी आल्यावर आईने तिला तबकडीचं सांगितलं. आत्या म्हणाली, खुळेपणा आहे. काकूने भांडण काढलं नाही. तिने आत्यासाठी पाट मांडला आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही त्यांना कडेवर खेळवलंय. एकदाच ऐका, आणि तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते मला मान्य."

अप्पा, आई, मी, सगळे भिंतीला टेकून उभे होतो. काकूने नवा काटा लावला. खरखरीशिवाय फारसं काही उरलं नव्हतं. मग खूप लांबून ते आलं. टाळी. टाळी. टक. काकू स्वस्थ बसली होती, तिने टाळी दिली नाही. ती आत्याकडे बघत होती. मी पण आत्याकडेच बघत होते. आत्याचा हात तिच्या मांडीवर होता. खालीची वेळ आली तेव्हा तो आपोआप उलटा झाला आणि तिच्या बोटाचं पेर पाटाच्या कडेवर हलकेच वाजलं. आत्याने चटकन हात पदराखाली घेतला.

"नाही," आत्या म्हणाली. "हा तो नव्हे."

मला वाटलं आता काकू आकांत करेल. ती उठली, तबकडी काढली, कव्हरात घातली. म्हणाली, "सरी, बरं. करा मग विधी."

आई रडायला लागली. काकूने तिला पाणी आणून दिलं.

आम्ही टॅक्सी करून श्रीरंगपट्टणला गेलो, जिथे कावेरी पश्चिमेकडे वळते तिथे. बायकांनी अशा वेळी जायचं नसतं, पण बांगड्या तिथेच फोडायच्या म्हणून काकूला नेलं, तिच्या सोबतीला आत्या आली, आणि काकूने माझा हात सोडला नाही म्हणून मी. आई माझ्या धाकट्या भावाला घेऊन घरी राहिली. दिवस उजेडाचा, लख्ख, नदीत गुडघाभर पाणी. भटजींनी काळ्या मृगाजिनावर दर्भाने बांधत बांधत पळसाच्या पानांचा माणूस केला. हात केले, पाय केले. वर नारळ ठेवला. नारळाची शेंडी त्यांनी पुरती काढली नव्हती, उरलेले धागे वाऱ्याने हलत होते, आणि त्याचे तीन डोळे नेमके आमच्या बाजूला आले होते. मला कव्हरावरची ती सावली आठवली. चार काटक्यांवर तो पानांचा काका ठेवला, आणि अप्पा पेटतं कोलीत घेऊन पुढे झाले. 

आत्या एकदम ओरडली, "अरे थांब!"

अप्पा थांबले. भटजी मंत्र म्हणायचे थांबले. आत्या काकूकडे वळली.  "तो तोच होता गं. मी खोटं बोलले. तू जन्मभर त्या पेटीपुढे टाळ्या देत बसशील, मला ते बघवलं नसतं. पण तोच आहे तो. जिवंत आहे. जिवंत माणसाला कशी आग लावायची?"

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाली.

"ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. वन्सं, मला विसरले असते तर मी आणखी बारा वर्षं थांबले असते. विसरलेल्याला काय बोल लावायचा? पण माझी टाळी सोडतायत ते. अजून सोडतायत. आठवण आहे, आणि येत नाहीत." मग ती अप्पांना म्हणाली, "भावजी, पेटवा."

पानं सुकी होती, भरकन पेटली. हात गेले, पाय गेले. ज्वाळा खाली बसायला लागली तरी नारळ तसाच होता, काळा पडत चाललेला.  नदीचासुद्धा आवाज येत नव्हता, असं मला आठवतं, आणि ते खरं नसणार. मग आतलं पाणी उकळून नारळ फुटला.

टक.

आत्याने दोन्ही कानांवर हात घेतले. अप्पा एक पाऊल मागे सरले. आम्हा सगळ्यांना त्यापुढची जागा माहीत होती, आणि आम्ही सगळे तिथे थांबलो.

काकूने माझा हात सोडला. दोन्ही मनगटं समोर धरली आणि एकमेकांवर आपटली. हिरव्या काचा वाळूत पडल्या. मग तिने पदराच्या टोकाने आपलं आपण कुंकू पुसलं आणि अप्पांना म्हणाली, "चला. पोरगी उपाशी आहे सकाळपासून."